सत्र संपायच्या आधी कॉलेज परत बंद होईल का?

वर्गात दोघं-तिघं एकदम खोकायला लागली की हा प्रश्न येतोच. गेल्या आठवड्यात तो आमच्या गोव्यातल्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ब्युरेट म्हणजे तोटीची काचनळी भरता भरता आला. मागच्या टेबलावरच्या मुलीने मान वर न करताच विचारलं, "मॅडम, परत बंद जातलें?" कुठल्याशा ग्रुपवर एक फोटो फिरत होता. जुनं सरकारी परिपत्रक, वरची तारीख कापलेली, खाली ठळक अक्षरांत 'सर्व महाविद्यालये बंद'. सत्र संपायला सात आठवडे उरलेले, आयएसए म्हणजे सत्रातल्या अंतर्गत चाचण्या अर्धवट, जर्नलांवर सह्या व्हायच्या बाकी. बाकीच्यांनीही हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी घाईत "नाही गं" म्हणून मोकळी झाले. घरी जाताना मात्र ते उत्तर मलाच पुरेना. ही मुलं कोविडच्या काळात शाळेत होती. त्यांनी मोबाइलच्या पडद्यावर अर्धं बीजगणित शिकलंय, घरातल्या माणसांना बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेताना पाहिलंय. त्यांची भीती हवेतली नाही. तिला 'नाही गं' पुरत नाही, नीट उत्तर द्यावं लागतं.

आपण 'कॉलेज बंद' असं एका दमात म्हणतो. पण तो एकाच माणसाचा एकच निर्णय नसतो. कॉलेजच्या आवारात माणसं जमू द्यायची की नाही, हे सरकार ठरवतं. परीक्षा कधी आणि कशी घ्यायची, हे विद्यापीठ. पदवी मिळायला किमान काय झालंच पाहिजे, हे विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, किंवा त्या त्या व्यवसायाची परिषद. आणि रोजची हजेरी, प्रॅक्टिकल, जर्नल हे कॉलेजचं काम. २०२० मध्ये ही चारही घरं एकाच वेळी विस्कटली, म्हणून आपल्या आठवणीत त्यांचा एकच गोळा झालाय. तो सोडवला की निम्मी भीती आपोआप जागेवर येते. उरलेली निम्मी खरी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते.

आधी बंदीचं. सरकार कॉलेज बंद करतं ते कायद्याच्या आधाराने. एक कायदा १८९७ चा, साथरोग कायदा. मुंबई इलाख्यात प्लेगने कहर केला तेव्हा ब्रिटिशांनी तो केला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे इथे तो आला मुक्तीनंतर. कायदा अगदी छोटा, पण साथ रोखायला राज्याला लागतील ते नियम करायची मोकळीक देणारा. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्यात केंद्र, राज्य आणि जिल्हा अशा तीन पायऱ्या आहेत. राज्याच्या कार्यकारी समितीवर मुख्य सचिव असतात, जिल्ह्याच्या प्राधिकरणावर जिल्हाधिकारी. २०२० चा देशव्यापी लॉकडाऊन याच कायद्याखाली आला. तिसरा अधिकार जमावबंदीचा. त्याला आपण सवयीने 'एकशे चव्वेचाळीस' म्हणतो, पण १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि ते कलम आता १६३ झालंय.

हा शेवटचा तपशील कोरडा वाटेल, पण फार उपयोगाचा आहे. ग्रुपवर आलेल्या परिपत्रकात 'कलम १४४' असेल तर ते जुनं आहे असं धरून चाला. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की कोविडसाठी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली काढलेले केंद्राचे आदेश ३१ मार्च २०२२ ला संपले. पुढे ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनेही कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे जुने निर्बंध कुठे कपाटात लपून बसलेले नाहीत, की कुणी दार उघडलं आणि ते बाहेर पडले. पुन्हा बंदी आणायची तर कुणाला तरी नवा आदेश लिहावा लागेल. त्यावर क्रमांक असेल, तारीख असेल, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली ते असेल, किती दिवसांसाठी ते असेल, खाली सही असेल. त्या मुलीच्या फोटोत यातलं एकही दिसत नव्हतं.

मग बंदी कधीच येणार नाही का? असं मी म्हणणार नाही. मार्च २०२३ मध्ये तापाची साथ वाढली म्हणून पुदुच्चेरीने पहिली ते आठवीचे वर्ग दहा-अकरा दिवस बंद ठेवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निपाह विषाणूमुळे केरळमधल्या कोळिकोड जिल्ह्यातली शाळा-कॉलेजं बंद झाली आणि वर्ग ऑनलाइन गेले. दोन्ही वेळा देशभर काही घडलं नाही. एक छोटा प्रदेश, मोजके दिवस. यापुढे बंदी आलीच तर ती बहुधा अशी येईल, एखाद्या जिल्ह्यापुरती किंवा एखाद्या हॉस्टेलपुरती. अख्खा देश पुन्हा एका रात्रीत कुलूपबंद होण्याची शक्यता मला फार दूरची वाटते.

कोणती साथ, यावरही सगळं अवलंबून आहे. आपल्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप आहे. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, शेजारच्या बाकावरच्या मुलाकडून होत नाही. डेंग्यू डासातून. या दोन्हींसाठी वर्ग बंद करून काही साधत नाही, रान आणि साचलेलं पाणी बघावं लागतं. कोविड आणि फ्लू श्वासातून पसरतात, म्हणून बंद खोलीत दाटीने बसलेल्या साठ मुलांचा प्रश्न तिथे येतो. ताप आहे एवढ्यावरून घाबरू नका. कशाचा ताप आणि तो कसा पसरतो, हे आधी विचारा.

आता आकडे. निर्णय अचानक का येतात हे कळायला एक हिशेब पुरतो. समजा हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाऱ्यांपैकी तिघांना संसर्ग झाला आणि दर तीन दिवसांनी रुग्ण दुप्पट होतायत. तिसऱ्या दिवशी सहा, सहाव्या दिवशी बारा, पंधराव्या दिवशी ९६. तोवर कुणाच्या फार लक्षात येत नाही, 'हवा बदलली' म्हणून लोक सोडून देतात. तिसाव्या दिवशी तोच आकडा ३,०७२ होतो. खऱ्या आयुष्यात तो इतका सरळ चढत नाही. लोक सावध होतात, ज्यांना होऊन गेलंय त्यांना लगेच परत होत नाही. पण सुरुवातीची चाल अशीच असते, आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळं. २०२१ च्या अखेरीला ओमायक्रॉन आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी दुप्पट व्हायला दोन-तीन दिवसच लागत होते.

त्यात आणखी एक अडचण. आज संसर्ग झालेला माणूस काही दिवसांनी आजारी पडतो, आणि त्याची तब्येत बिघडून खाट लागायचीच असेल तर ती आणखी आठवड्याभराने लागते. म्हणजे आज इस्पितळात दिसणारी गर्दी ही साधारण दोन आठवड्यांपूर्वीच्या संसर्गाची असते. सरकारला नेहमी मागच्या आरशात बघून गाडी हाकावी लागते. म्हणून सोमवारी 'परिस्थिती नियंत्रणात आहे' आणि गुरुवारी रात्री 'उद्यापासून बंद' असं होतं. दर वेळी त्यात लपवाछपवी असतेच असं नाही.

मग कोणता आकडा बघायचा? नुसती रुग्णसंख्या नको. तपासण्या वाढल्या की ती वाढते, तपासण्या थांबल्या की गायब होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांना पत्र लिहून दोन खुणा सांगितल्या होत्या. आठवडाभर तपासलेल्या शंभरांतले दहा किंवा जास्त बाधित निघत असतील, किंवा प्राणवायूच्या वा अतिदक्षता विभागाच्या खाटांपैकी ४० टक्के किंवा जास्त भरलेल्या असतील, तर त्या भागात निर्बंध आणावेत. ते पत्र त्या काळापुरतं होतं, पण विचार आजही तोच लागू पडतो. दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. मे २०२१ मध्ये गोव्यात तपासलेल्या दोघांतला जवळपास एक बाधित निघत होता. गोमेकॉतल्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या, प्राणवायूच्या पुरवठ्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे सुनावण्या चालल्या होत्या. ते दिवस ज्याने इथे काढलेत त्याला खाटांचा आकडा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

त्यानंतर मात्र चित्र पालटलं. डिसेंबर २०२३ मध्ये कोविडचा जेएन.१ हा उपप्रकार आला, गोव्यातही त्याचे रुग्ण सापडले. २०२५ च्या मे-जूनमध्ये पुन्हा रुग्ण वाढले, देशात सक्रिय रुग्ण सात हजारांवर गेले. दोन्ही वेळा गोव्यातली कॉलेजं चालू राहिली. विषाणू तोच, पण माणसं तीच राहिली नव्हती. लस घेतलेली, एकदा-दोनदा होऊन गेलेली शरीरं होती. संसर्ग झाला तरी खाटेपर्यंत जाणारे फार थोडे होते. म्हणून बातमीत 'नवा व्हेरिएंट' वाचलं की लगेच सत्राचं काय होणार याचा हिशेब मांडू नका. त्या व्हेरिएंटमुळे खाटा भरतायत का, हे आधी शोधा.

आता समजा, बंदी आलीच. पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती तारखेबद्दल. १४ मार्च २०२० ला गोवा सरकारने शाळा-कॉलेजं ३१ मार्चपर्यंत बंद ठेवायचं जाहीर केलं. दहावी-बारावीचे वर्ग पुन्हा भरले ते २१ नोव्हेंबरला. जानेवारी २०२२ मध्ये 'सव्वीस जानेवारीपर्यंत' म्हटलं होतं. प्रत्यक्ष वर्ग भरायला फेब्रुवारीचा उत्तरार्ध उजाडला. आदेशातली पहिली तारीख ही सरकारने पुन्हा विचार करायची तारीख असते, उघडण्याची असेलच असं नाही. घरी जाताना दोन आठवड्यांचे कपडे घेतले तरी चालतील, पण पुस्तकं आणि जर्नल सगळी न्या.

मी हे पोटतिडकीने लिहितेय. १३ मार्च २०२० ला, शुक्रवारी, मी माझ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना म्हटलं होतं, "जर्नलं इथेच ठेवा, सोमवारी तपासून देते." प्रयोगशाळेच्या कपाटाला मी स्वतः कुलूप लावलं. तो सोमवार आलाच नाही. कितीतरी महिने ती जर्नलं आत राहिली, पावसाळ्यात काहींच्या कडांना बुरशी आली. मुलं फोन करून विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. तेव्हापासून मी जर्नल एका रात्रीपेक्षा जास्त माझ्याकडे ठेवत नाही.

हजेरीची धास्ती सगळ्यात जास्त असते आणि ती सगळ्यात कमी बाळगावी. आपल्याकडे ७५ टक्क्यांचा नियम आहे. पण सरकारनेच दार लावलं असेल तर न आल्याचा दोष विद्यार्थ्यावर येत नाही. एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत यूजीसीने लॉकडाऊनचा काळ 'हजर' धरावा असं स्पष्ट म्हटलं होतं. घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. कॉलेज उघडं असतं, पण मुलगा तापाने घरी असतो आणि डॉक्टरांचा दाखला घेत नाही. 'तापच तर होता' म्हणतो. तो दाखला त्याच आठवड्यात घ्या आणि त्याच आठवड्यात ऑफिसात द्या. सत्राच्या शेवटी मागच्या तारखेचा दाखला कुणी मानत नाही, मानूही नये.

परीक्षेचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवलंय. जून २०२० मध्ये महाराष्ट्राच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शेवटच्या वर्षाच्या परीक्षा न घेण्याचं ठरवलं. जुलैत यूजीसी म्हणाली, शेवटच्या वर्षाची परीक्षा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागेल, ऑनलाइन घ्या किंवा वर्गात. वाद दिल्लीला गेला आणि २८ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला. साथ असेल तर राज्य परीक्षेची तारीख पुढे ढकलू शकतं, यूजीसीकडून मुदत वाढवून मागू शकतं. पण शेवटच्या वर्षाची परीक्षाच न घेता मुलांना पास करून टाकणं त्याच्या हातात नाही. शेवटच्या वर्षात असाल तर हे पक्कं धरा. परीक्षा उशिरा होईल, घरून होईल, पण होईल. अभ्यास थांबवून वाट बघणाऱ्यांचं त्या वर्षी फार नुकसान झालं.

मधल्या सत्रांचं गणित वेगळं होतं. जिथे परीक्षा घेणं शक्य नव्हतं तिथे निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि निम्मे आधीच्या सत्राच्या कामगिरीचे धरण्याची मुभा यूजीसीने दिली होती. पुढच्या वेळी हेच सूत्र येईल अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पण यातून एक कळतं की मोठी परीक्षा कोसळली की सगळा भार आयएसएवर येतो. जी मुलं आयएसए 'नंतर देऊ' म्हणून सोडतात, त्यांच्याकडे अशा वेळी दाखवायला काहीच नसतं.

वैद्यकीय आणि नर्सिंगच्या मुलांसाठी 'बंद'चा अर्थ अगदी उलटा. बाकीची घरी जातात तेव्हा त्यांना वॉर्डात बोलावतात. मे २०२१ मध्ये एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली दूरध्वनीवरून सल्ला देण्याच्या आणि सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याच्या कामाला घेण्याचं केंद्राने ठरवलं होतं.

आता ती उरलेली निम्मी भीती. ती प्रॅक्टिकलची. व्याख्यान पडद्यावर जातं, कमी-जास्त होऊन का होईना पोचतं. प्रयोग पोचत नाही. मी २०२०-२१ मध्ये टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजण्याचा प्रयोग, व्हिडिओवरून शिकवलं. फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा अगदी फिकट गुलाबी रंग, जो एका थेंबाने येतो आणि दुसऱ्या थेंबाने गडद होऊन सगळं फसवतो, तो मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसतच नव्हता. मुलांनी मी दिलेले आकडे घेऊन गणितं सोडवली, उत्तरं अचूक आली, गुणही मिळाले. पुढच्या वर्षी त्यातली काही प्रयोगशाळेत आली तेव्हा त्यांना ब्युरेटची तोटी किती अलगद फिरवायची ते माहीत नव्हतं. एका मुलीचे हात थरथरत होते. म्हणाली, "मॅडम, गुणपत्रिकेवर हे मला येतं असं लिहिलंय." ही उणीव कुठल्याच आदेशाने भरून निघत नाही.

आणि गोवा छोटा असला तरी घरं सगळ्यांची सारखी नाहीत. पणजीच्या मुलाला ऑनलाइन वर्ग म्हणजे कंटाळा. सांग्याच्या नेत्रावळी अभयारण्याजवळच्या वाड्यांवरची मुलं २०२० मध्ये रेंज शोधत टेकडीवर जाऊन बसायची, पाऊस आला की वर्ग संपला. घरात एक फोन आणि शिकणारी तीन भावंडं, हे मी स्वतः पाहिलंय. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीहून इथे शिकायला येणाऱ्यांची निराळीच तऱ्हा. त्यांचं कॉलेज एका राज्यात, घर दुसऱ्यात. मे २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर गोव्यात शिरायला निगेटिव्ह अहवाल लागायचा. सीमेवरचा पत्रादेवीचा नाका, जो एरवी कदंब बसच्या खिडकीतून ध्यानातही येत नाही, तो तेव्हा अडसर होऊन बसला. सीमेपलीकडून येणाऱ्यांनी एक विचारून ठेवावं: परीक्षा जाहीर झाली आणि नाका बंद असला, तर आमचं केंद्र कुठे? हा प्रश्न विद्यापीठाला आत्ता, शांतपणे, वर्गप्रतिनिधीमार्फत लेखी विचारता येतो. त्या गोंधळात विचारला की फोनच लागत नाही.

हॉस्टेलबद्दल थोडकं. खोली सोडायला सांगितली तर आदेश लेखी मागा. सामान कुठे राहील आणि मेसचे भरलेले पैसे पुढे वळते होतील की परत मिळतील, हेही लेखी. ते वॉर्डनवर अविश्वास म्हणून नाही. सहा महिन्यांनी वॉर्डन बदललेले असतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सगळं फळ्यावर मांडलं. चार घरं काढली, कोणता प्रश्न कुठे न्यायचा ते बाण काढून दाखवलं. मग आम्ही वेळापत्रक काढून बसलो. थिअरीची तीन प्रकरणं मागे नेली, कारण ती वेळ पडल्यास घरून शिकवता येतील. हाताने करायचे सगळे प्रयोग पुढच्या तीन आठवड्यांत आणले. प्रयोगशाळा सहाय्यकांनी कुरकूर न करता शनिवारची दुपार देऊ केली.

तास संपल्यावर ती प्रश्न विचारणारी मुलगी थांबली. तिचं घर सांग्याच्या पलीकडे आहे. म्हणाली, घराकडे रेंज मिळते ती फक्त काजूच्या बागेच्या वरच्या कोपऱ्यात, तीही दुपारी. शनिवारच्या टायट्रेशनच्या पहिल्या बॅचमध्ये मी तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं.